राहिलेले दोन सूर

धोंडबा बाकावरून उठून सावधान उभा राहिला, तेव्हा त्याचे डोळे मिटलेलेच होते. इतवारीतल्या बँडच्या दुकानात भरदुपारी हा प्रकार आठवड्यातून दोनदा तरी होई. ढोलवाले पत्ते थांबवून बघत. देवाजी मास्तर क्लॅरिओनेट पुसता पुसता म्हणाला, "काहून गा धोंडबा, पलटणीतून येऊन बारा वर्षं झाली, तरी ड्यूटी चालूच हाये?"

धोंडबानं डोळे उघडले, टोपी सारखी केली आणि खाली बसला. स्वप्न नेहमीचंच होतं. पंजाबातलं उसाचं शेत, फटफटायची वेळ. तो बिगुल तोंडाला लावतो, इशारा खणखणीत वाजतो, पुढच्या खड्ड्यातला नत्थू धडपडत उठतो आणि धावत मागं येतो, धापा टाकत, हसत. मग सुभेदार गणपतराव सगळ्यांना रांगेत उभं करून विचारतात, झोपलं कोण होतं? आणि रांगेतला प्रत्येक जण, नत्थूसुद्धा, धोंडबाकडे बोट दाखवतो.

खरं घडलं ते वेगळं होतं. पासष्टच्या लढाईत त्या पहाटे धोंडबा टक्क जागा होता. उसात सळसळ ऐकून त्यानं बिगुल उचलला, तर गणपतरावांनी त्याचं मनगट दाबून धरलं. आपलीच माणसं असतील, थांब म्हणाले. ती आपली नव्हती. नत्थू खड्ड्यातच राहिला. चौकशीत गणपतरावांनी सांगितलं की बिगुलवाला झोपला होता. धोंडबाच्या पलटणीच्या बुकात लाल शाईनं तशी ओळ पडली आणि त्याला घरी पाठवलं. नत्थूची आई उमरेडला राही. तिला भेटायला गेला, तर तिनंही ती ओळच खरी मानली आणि त्याला उंबऱ्यावरूनच परतवून लावलं.

तेव्हापासून तो लग्नांत ट्रंपेट वाजवी. बँडवाला लग्नघर दोन गोष्टींवरून जोखतो: पाणी कोण विचारतं आणि पंगतीला कुठं बसवतात. धोंडबाची तिसरी गोष्ट होती. तो मुलीच्या बापाचं नाव विचारी. बारा वर्षं भलतंच नाव निघे. अठ्ठ्याहत्तरच्या मे महिन्यात गणपतरावांचं निघालं. वरात मौद्याची, मुलीचं घर सक्करदऱ्याला, बाप निवृत्त सुभेदार, मुहूर्त गोरज.

देवाजीला सगळं ठाऊक होतं. त्यानं सुट्टी घे म्हणून सांगून पाहिलं. बारा वर्षांत एक नागा नाही, आता काहून, असं धोंडबानं उलट विचारलं. घरी त्याच्या बायकोनं, कौसल्येनं मात्र इस्त्री केलेला लाल कोट हातातच धरून ठेवला.

"त्याच्या पोरीनं काय केलं जी तुमचं?"

"पोरीचं काही नाही."

"मांडव तर तिचाच हाये."

"खड्डा नत्थूचा होता, अन् झोप माह्या नावावर," धोंडबा म्हणाला. "त्याचं काय गेलं, सांग."

कौसल्येनं कोट सोडला.

वरात तलावाच्या वळणावरून मांडवाशी आली तेव्हा ऊन उतरलं होतं. दारात गणपतराव फेटा बांधून उभे होते. मिशी पांढरी झालेली, पाठ मात्र तशीच. व्याह्यांना टिळा लावायला त्यांनी अंगठा कुंकवात बुडवला. या घडीला बँडनं उडती चाल धरायची असते. देवाजीनं मान हलवून खूण केली. धोंडबा दोन पावलं पुढं आला, ट्रंपेटच्या तिन्ही बटणांवरची बोटं उचलली आणि लास्ट पोस्ट वाजवू लागला.

पाहुण्यांना काही कळलं नाही. नाचणारे थांबले. काय गोड वाजवतो, असं कुणी बाई म्हणाली. पण मांडवातले दोन म्हातारे खुर्च्यांवरून उठून ताठ झाले, आणि गणपतरावांच्या टाचा आपोआप जुळल्या. हात कपाळाशी गेला. ओल्या कुंकवाचा पट्टा त्यांच्याच भुवईवर उमटला. हे मेलेल्या शिपायासाठी वाजतं, आणि शेवटचा सूर विझेपर्यंत सलामीचा हात खाली येत नाही. पंचवीस वर्षं पलटणीत काढलेल्याचा तर नाहीच नाही.

धोंडबा शेवटाशी आला आणि सूर विझू न देता पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. आता कुठं गणपतरावांनी वाजवणाऱ्याकडे नीट पाहिलं. ओळख पटलेली त्यांच्या डोळ्यांत दिसली. कोपर खचे, ते पुन्हा वर ओढत. व्याही टिळ्यासाठी पुढं केलेलं कपाळ तसंच धरून होते. मागं घ्यावं की असू द्यावं, हे त्यांना ठरवता येईना. भटजी मुहूर्ताचा घोष करत होते. देवाजी दातांतल्या दातांत म्हणाला, बस गा, माहं नाक कापशील.

तिसऱ्या खेपेला, दोन सूर उरले असताना, धोंडबा थांबला. त्यानं ट्रंपेट खाली घेतलं.

"पुरा कर, धोंडबा," ओठ न हलवता गणपतराव म्हणाले.

"मी जागा होतो, एवढं बोला. मंग करतो."

गणपतरावांनी व्याह्यांकडे पाहिलं, मांडवाकडे पाहिलं. सलामीचा हात कपाळाशी तसाच होता. धोंडबानं वाट पाहिली, आणि मग वळून चालू लागला.

तलावाशी आल्यावर त्याच्या ध्यानात आलं की नत्थूसाठीचेही ते दोन सूर वाजायचे राहिले. तो थबकला आणि मागं पाहिलं. देवाजीनं घाईनं उडती चाल धरली होती, पण पाय कुणाचे उचलत नव्हते. पिवळ्या लुगड्यातली नवरी दारात आली होती आणि बापाचं कोपर दोन्ही हातांनी धरून खाली ओढत होती. हात उतरत नव्हता.

धोंडबानं ट्रंपेटच्या तोंडाची पितळी वाटी काढली, झटकली, कोटाच्या खिशात टाकली आणि इतवारीचा रस्ता धरला.