टेलिफोनचा खेळ

खोलीत मुलं सात होती, मुखवटे पाच, आणि खेळण्यातले टेलिफोन दोन. त्यातल्या एकाची वायर तुटलेली. २००९ चा फेब्रुवारी. उत्तरेतल्या एका हिंदीभाषक शहरात, इंदिरा नगरातल्या या वर्गात मुक्ता मुलांना नाटकाच्या खेळांतून स्पष्ट बोलायला शिकवत असे. वाचा-उपचाराची पदवी घेऊन तिला वर्षही झालं नव्हतं.

पाच वर्षांच्या सानिकाचे शब्द तोंडातच विरघळत. शाळेने मार्चमध्ये पुन्हा हिंदीतल्या मुलाखतीला बोलावलं होतं. तेव्हाही बोलणं कळलं नाही तर प्रवेश नाही. तिचे वडील सुबोध संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ. त्यांनी उपाय ठरवला: घरात फक्त हिंदी. "दोन भाषांचा गोंधळ नको. एक व्हेरिएबल कमी." साताऱ्याहून आलेल्या तिच्या आईचं, वीणाचं, हिंदी मोडकं. लेकीने तेच उचलू नये म्हणून तिने तिच्याशी बोलायचंच नाही, असं ठरलं. मुक्तालाही तेव्हा ते पटलं होतं.

आज जोडीला मूल कमी पडलं, म्हणून मुक्ताने दाराशी बसलेल्या वीणाच्या हातात दुसरा फोन दिला.

"सानिका, बोलो, किसका फ़ोन है?" मुक्ताने विचारलं.

सानिकाने रिसीव्हर कानाला लावला. "आई, मी बोलतेय. पप्पा घरी नाहीयेत. आता बोल ना माझ्याशी."

शब्द न् शब्द स्वच्छ. वीणाचे ओठ हलले.

"वीणा." न्यायला आलेले सुबोध दारात उभे होते.

वीणाने फोन खाली ठेवला.

"हॅलो? आई? हॅलो?"

मुक्ता सुबोधना बाजूला घेऊन म्हणाली, "सर, ऐकलंत ना? जीभ ठीक आहे तिची. वहिनींना बोलू द्या."

"मुलाखत मराठीत होणार आहे का?"

"पण सर—"

"अच्छा, एक मूल, एक खेळ, तीन वाक्यं. हा तुमचा डेटा? माझ्या लॅबमध्ये कुणी असं आणलं तर मी चहासुद्धा पाजत नाही, मॅडम."

 मुक्ताकडे आकडा खरंच एकच होता.

दुसऱ्या दिवसापासून वीणा वर्गात आली नाही. सानिकाला ड्रायव्हर भैया सोडून जाई. फोनचा खेळ आला की ती हात मागे बांधून उभी राही.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी मुक्ताने तिला चाळीस चित्रं दाखवली, आधी हिंदीत विचारत, मग मराठीत. हिंदीत तिचे अकरा शब्द मुक्ताला कळले. मराठीत एकही नाही. मराठीत विचारल्यावर सानिकाने तोंडच उघडलं नाही.