करा बंद

बससेवेच्या कचेरीत वेळापत्रकं आखणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. बावीस वर्षं एकाच खुर्चीत बसून त्या शहरभरच्या गाड्या वेळेवर धाडत होत्या, आणि नाकावर माशी बसू देत नव्हत्या.

त्यांच्या पडद्यावर दोन विंडो शेजारीशेजारी उघड्या असत. डावीकडे वेळापत्रक, उजवीकडे त्रेसष्ट टॅब. टॅब इतके आक्रसलेले की नावंही दिसत नसत. पण मावशींचा माउस बरोबर हव्या त्या टॅबवर जाई.

त्या महिन्यात वरिष्ठांनी सगळ्यांच्या संगणकांवर एक प्रोग्राम बसवला. कोण किती वेळा टॅब बदलतं, ते तो मोजायचा. सोमवारी नवे साहेब कागद घेऊन आले. वयाने मावशींच्या भाच्याएवढे.

"मावशी, दिवसाला नऊशे वेळा टॅब बदलता तुम्ही. कामात लक्ष नाही, असा अर्थ होतो याचा. यापुढे प्रत्येकाला आठच टॅब. इथे सही करा."

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वयंपाक करताना झाकण किती वेळा उचलते, तेही मोजा म्हणावं! त्या उठल्या आणि खुर्ची साहेबांकडे सरकवली.

"बसा. पंचावन्न बंद करायचेत ना? तुमच्या हाताने करा."

साहेब बसले. "हा कसला?"

"रुग्णालयाचा. नर्स आठ वाजून दहाला सुटतात, म्हणून चौदा नंबरची गाडी आठ-वीसला फाटकाशी असते."

"आणि हा?"

"डायलिसिस केंद्र. शेवटचा पेशंट सहा-चाळीसला बाहेर पडतो. दोन गाड्या बदलून घरी जायचं असतं त्याला. करा बंद."

साहेबांनी तो केला नाही. पुढचा अंधशाळेचा निघाला, तोही राहिला. शेवटी त्यांनी हवामानाचा टॅब बंद केला. मावशींनी वाकून तो तिथल्या तिथे परत उघडला.

"धुकं पडलं की पुलावर गाडी बारा मिनिटं रखडते."

"नियम तो नियम," साहेब उठत म्हणाले. "सही नसेल, तर फायलीत ताकीद जाईल."

"जाऊ द्या. बावीस वर्षं कोरी राहून फाइलही कंटाळली असेल."

शुक्रवारी ताकीद आली. मावशींनी सही केली नाही, आणि एकही टॅब मिटला नाही.

दुपारी तिकीट विभागातला एक बडबड्या कारकून हळूच त्यांच्या टेबलाशी आला. "मावशी, एवढ्या टॅबांत हवा तो सापडतो कसा हो?"

मावशींनी स्टूल ओढून दिलं. "बैस. आधी एका कामाचे टॅब शेजारीशेजारी लावायला शीक."