तीन माणसांची सॅक

मी दारामागच्या खुंटीवरची सॅक बोलतेय. जग बुडेल त्या दिवसासाठी माझा जन्म झाला. जग काही बुडलं नाही, पण मालकांचं खरं रूप दिसलं आणि या घरातून माझं मन उडालं.

मला ताईंनी शिवलं. ताई म्हणजे मालकांची थोरली बहीण, तंबूंच्या कारखान्यात शिलाईला. एक पाय लहानपणापासून अधू. त्यांच्याच कमाईवर हे धाकटे बंधुराज शिकले.

त्या वर्षी रोजच्या बातम्याच पुरेशा भीतिदायक होत्या. तरी मालक, त्यांची बायको आणि शाळकरी मुलगी संध्याकाळी जगबुडीच्या मालिका बघत बसायचे. कधी रोगाची साथ, कधी शहरात शिरलेला समुद्र. ताटातलं जेवण गार व्हायचं. प्रत्येक गोष्टीत कुणीतरी मागे पडायचंच, आणि त्याला सोडून निघणाऱ्या नायकाचं मालकांना भारी कौतुक. काळजावर दगड ठेवावा लागतो, म्हणायचे. ताईही शेजारी बसून मान डोलवायच्या.

मग मालकांनी सॅक शिवून मागितली. ताईंनी तंबूचं उरलेलं कापड आणलं आणि मला चार कप्पे केले, माणशी एक. टॉर्च, बिस्किटं, औषधं, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या. मी तर फुगूनच गेले.

रविवारी तालीम सुरू झाली. घड्याळ लावून चौथ्या मजल्यावरून खाली. ताईंमुळे बारा मिनिटं लागली. मालकांनी ती वेळ वहीत टिपून ठेवली. पुढच्या रविवारी त्यांनी ताईंना 'जबाबदारीचं काम' दिलं: सगळे निघाले की गॅस बंद करायचा, कुलूप लावायचं आणि मागून यायचं. वेळ तीन मिनिटांवर आली. ताईंना बिचाऱ्यांना मान मिळाल्यासारखं वाटलं. त्यांच्या कप्प्यात मालकांनी बॅटऱ्या कोंबल्या, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली.

आणि एका सकाळी जिन्यात धूर भरला. मालकांनी मला पाठीवर टाकलं, बायको-मुलीचे हात धरले आणि धूम ठोकली. माझा पट्टा तुटावा, हे थांबावेत, असं फार वाटलं. पण ताईंनी शिवलेला पट्टा कसला तुटतोय! खाली शेजारी म्हणाले, याला म्हणतात तयारी. मालक खूश.

"बाबा, आत्या कुठंय?" मुलीने विचारलं.

"येईल ती. तिचं काम उरकून येईल."

धूर निघाला कुणाच्या तरी करपलेल्या भांड्याचा. ताई बऱ्याच वेळाने उतरल्या, खोकत, कठडा धरून. किल्ली त्यांनी भावाच्या हातावर ठेवली.

"कुलूप लावलंय. तुला तीन हाका मारल्या रे."

"ऐकूच आलं नाही गं, ताई."

खोटं. मी पाठीवरच होते ना! पहिल्याच हाकेला ती पाठ ताठरली होती, आणि तिसरीनंतर पाय आणखी भराभर पडू लागले होते.

आठवड्याभरात ताई कारखान्यातल्या मैत्रिणीकडे राहायला गेल्या. मालिका अजून चालू आहेत. परवा त्यात एक म्हातारी मागे राहिली, तर मालकांनी चष्मा काढून डोळे पुसले. इतका राग मला कधी आला नव्हता.

ताई, कधी या घरी आलात तर कात्री घेऊन या. तुमच्याच हातांनी मला उसवा. त्या पाठीवर मला पुन्हा बसायचं नाही.