कुपीतलं पाणी

खोटं पकडायचं यंत्र आणा, हा हट्ट ताईचाच. ऑपरेशन झालेल्या रोग्यांच्या वॉर्डात वेदनाशामक इंजेक्शनच्या कुप्यांमध्ये औषधाऐवजी पाणी सापडलं होतं. कपाटाच्या किल्ल्या दोघींकडेच: ताई आणि तिची सख्खी धाकटी बहीण. दोघी नर्स. आई गेल्यावर ताईनंच धाकटीची वेणीफणी केली, तिला शिकवलं आणि याच हॉस्पिटलात चिकटवलं. तिच्यावर संशय? ताईच्या अंगाचा तिळपापड झाला.

"लावा ते मशीन आम्हा दोघींना," ती मोठ्या डॉक्टरांना म्हणाली. "एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे."

यंत्रवाले साहेब आले. छातीला पट्टा, दंडाला पट्टा, बोटांना टोप्या. खोटं बोललं की काळीज धडधडतं, एवढ्या भांडवलावर या गृहस्थाचा सगळा तोरा. खऱ्या माणसालाही भीतीनं धडधडतं, त्याचं काय? त्यावर त्यांच्याकडे युक्ती होती म्हणे. आधी असा प्रश्न विचारायचा, ज्याला सगळेच खोटं उत्तर देतात. त्या खोट्यानं स्क्रीनवरची रेघ किती उडते ते बघायचं. चोरीच्या प्रश्नाला त्याहून जास्त उडाली तर चोर, कमी उडाली तर साव.

"तुमच्यावर विश्वास टाकणाऱ्याला कधी फसवलंय?" त्यांनी ताईला विचारलं.

"फसवलंय की. आई परत येईल म्हणून धाकटीला कितीतरी दिवस थापा मारल्या."

साहेबांचं तोंड वाकडं झालं. खरं बोलणारी बाई त्यांच्या युक्तीत बसत नव्हती. रेघ जागची हलली नाही.

"कुप्यांतलं औषध तुम्ही काढलंत?"

"नाही." पण असं तोंडावर विचारल्यावर अब्रूदार बाईच्या काळजात धस्स होणारच. रेघ उडाली.

मग धाकटी बसली. दाराच्या काचेतून ताई तिला हसून धीर देत होती. "विश्वास टाकणाऱ्याला कधी फसवलंय?"

"नाही," धाकटी म्हणाली, आणि रेघ पार स्क्रीनच्या टोकाला गेली. त्यापुढं औषधाच्या प्रश्नाची उडी किरकोळ ठरली. यंत्रानं चोर दाखवला होता. साहेबांनी त्या पहिल्या उडीची नुसती मोजपट्टी केली. "मोठी दोषी, ही निर्दोष," असं सांगून, चहा घेऊन ते गेले.

ताईला हाकललं. तरी ती म्हणत होती, "निदान धाकटी तरी सुटली." असल्या भाबडेपणाचा मला संताप येतो.

पुढं ताईच्याच पोटाचं ऑपरेशन निघालं. तेच हॉस्पिटल, तोच वॉर्ड. आता वॉर्डाची मुख्य धाकटी होती आणि किल्ल्या तिच्या एकटीच्या कमरेला. तिनं इंजेक्शन टोचलं, ताईच्या कपाळावरून हात फिरवला. "आता झोप, ताई."

झोप कसली! भूल उतरली तशी ताई किंचाळायला लागली. औषध अंगात भिनलं की कळ कशी ओसरते, हे तिनं शेकडो रोग्यांच्या चेहऱ्यांवर पाहिलेलं. तिनं धाकटीकडे बघितलं. धाकटीनं नजर चुकवली. तेव्हा कुठं ताईला कळलं.

"डॉक्टर, यात औषध नाही! पाणी आहे!"

डॉक्टर पलंगाशी थांबले. "मशीननं पकडलेली ती हीच ना? औषधाची चटक लागलीय. ढोंग आहे सगळं."

"असं नका म्हणू, डॉक्टर," धाकटीचे डोळे भरून आले. "कशीही असली तरी बहीण आहे माझी. अजून एक देते मी तिला."

"तुम्ही फारच चांगल्या आहात, सिस्टर," डॉक्टर म्हणाले. धाकटीनं कपाट उघडलं आणि तसलीच दुसरी कुपी काढली.