बाबांनी राखलेला डवरा

शनिवारी उजाडायच्या आत सगळा गाव चोंढीवर लोटला होता. काल संध्याकाळी ज्या डवऱ्यात करवंटी नुसता चिखल खरवडत होती, त्यात आता चार बोटं पाणी चढलं होतं. काठावर जलसिद्ध बाबा डोळे मिटून गर्जत होते, "पाताळीचं पाणी, सिद्धाची वाणी, ऊठ माझे राणी!" मग एक डोळा किलकिला करून त्यांनी पाणी खरंच चढल्याची खात्री केली, आणि दोन्ही डोळे भक्तिभावाने उघडले.

"चढलं गो, चढलं!" म्हाताऱ्या धोंडीबाईने हात जोडले.

साल अडतीस, महिना चैत्राचा. मुरबाडपासून दोन कोसांवर टेकडीच्या पायथ्याची पाणथळ जागा म्हणजे ही चोंढी. गावची विहीर आटली, की प्यायचं पाणी इथल्या दोन डवऱ्यांचं; डवरे म्हणजे हाताने खणलेले कमरेइतके खड्डे. बाबा शिमग्यानंतर आले आणि त्यांनी पहिलं फर्मान काढलं, "चोंढीतलं लव्हाळं म्हणजे देवीचे केस. विळा लावायचा नाही." बायका दरसाल ते कापून न्यायच्या. यंदा ते छातीला लागलं, आणि यंदाच डवरे दिवसा उतरू लागले.

रात्रीतून भरत ते अर्थातच बाबांच्या जपाने. दिवसा उतरत त्यालाही कुणी हवंच होतं. बाबांनी बोट दाखवलं सुंदराकडे. विधवा, पोरबाळ नाही. बोट दाखवायला सोयीची. "हिच्या नजरेने पाणी पळतं. मंगळवारी हिला शिवेबाहेर घाला."

तेव्हापासून तिचा भाऊ देवराम एका जागी बसला नव्हता. कसाऱ्याला रेल्वेत तेवीस वर्षं त्याने इंजिनांच्या पाण्याची विहीर मोजली होती. सकाळ-संध्याकाळ खुणांची काठी बुडवायची आणि साहेबाला आकडा सांगायचा. आता तीच काठी घेऊन तो घर ते चोंढी येरझारा घालू लागला. सकाळचं भरणं झालं की डवऱ्याकडे कुणी फिरकत नसे, तरी पाणी उतरे. रविवारी सुंदराने उंबरा ओलांडला नाही. चार बोटं उतरलं. सोमवारी आभाळ भरलेलं होतं, सुंदरा दोनदा डवऱ्यावरून गेली. जेमतेम बोटभर उतरलं.

"दादा, बस ना जरा," गाठोडं बांधता बांधता सुंदरा म्हणाली.

"बसवत नाय गो. तुझ्या नजरेला ऊन लागतं काय?" असं पुटपुटत त्याने विळा पाजळायला घेतला.

मंगळवारी सकाळी तो भर गर्दीत शिरला. "जयराम पाटील, एक दिवस द्या. खालच्या डवऱ्याभोवतीचं लव्हाळं मी कापतो. तिथं सुंदरा बसंल, दिवसभर पाण्यात बघत. वरच्याचं तसंच ऱ्हाऊ द्या, तिथं बाबा राखण करतील. सांजचं मोजू. खालचं उतरलं तर बहिणीला घेऊन मीच गाव सोडतो."

स्वतःच्याच पाण्याची राखण बाबा नाकारणार कसे? विळा चालला तेव्हा गावाने डोळे मिटले. देवी ओरडली नाही. एक बेडूक तेवढा उडाला.

दिवसभर देवराम दोन डवऱ्यांमध्ये फेऱ्या मारत राहिला. सुंदराची पापणी लवत नव्हती. वर, पाणी जसजसं खाली गेलं, तसतसा बाबांचा आवाज वर चढत गेला.

दिवस मावळताना पाटलांनी स्वतः काठी बुडवली. सुंदराचं पाणी बोटभरही हललं नव्हतं. बाबांचं चार बोटं उतरलं होतं.

मग धोंडीबाई किंचाळली, "म्हंजे नजर बाबाचीच!"

"चेटक्या हाय! मारा!" पन्नास हात दगडांकडे वळले.

देवराम धावत जाऊन बाबांच्या पुढे उभा राहिला. "ठेवा खाली ते दगड! बाबाची नजरबी नाय. नजरेनं पाणी हलतच नाय! उन्हात लव्हाळं मुळानं पाणी ओढतं, पानातनं हवेत सोडतं. टेकडीकडनं भुईतनं झिरपा येतो, तो दिवसा पुरत नाय. रातचं लव्हाळं प्यायचं थांबतं, झिरपा चालूच ऱ्हातो, म्हणून पाणी चढतं. बाबा घोरले तरी चढतं. काल ढग होते, लव्हाळं कमी प्यालं."

"मग बाबा खोटा?" पाटलांनी विचारलं.

"खोटा. पण चेटक्या नाय. खोट्याला वाट दाखवायची, दगड नाय मारायचे."

बाबांनी वाट आपली आपणच शोधली.

दुसऱ्या पहाटे जपाला कुणी नव्हतं. दोन्ही डवरे भरलेले होते. धोंडीबाई खाली मान घालून आली. "पहिला हंडा तू भर गो, सुंदरा."

सुंदराने भरला. देवरामने काठी डवऱ्याच्या कडेला रोवली. "सगळं लव्हाळं उपटू नका, दरसालसारखं डवऱ्यापुरतं कापा. आणि पुन्हा कुणा बाईमाणसाकडं बोट दाखवावंसं वाटलं, तर आधी ही बुडवा."

धोंडीबाईने तिथल्या तिथे काठी उपसली, बुडवली आणि ओल्या खुणा बोटाने मोजू लागली. चुकली, म्हणून पुन्हा मोजल्या.