अबेनाची ओळख करून देताना

बबन सोनकांबळेच्या हाती माइक आला की दोन गोष्टी कुणालाच आवरत नसत. एक त्याची जीभ आणि दुसरं समोरच्यांच्या डोळ्यांतलं पाणी. एरवी माणूस अबोल. परदेशात, वॉन नावाच्या गावातल्या एका कारखान्यात क्वालिटी इंजिनिअर, घर मिल्टनला, आणि रोज सकाळ-संध्याकाळ हायवेवर गाड्यांच्या रांगेत अडकून अडकून बोलायची सवयच मोडलेली. पण स्कारबरोच्या आंबेडकर मंडळाचा कार्यक्रम असला की सेक्रेटरी शशिकांत त्यालाच धरायचा. "सर, तुम्ही बोललात की हॉल हलतो," म्हणायचा. हॉल हलावा अशी बबनचीही इच्छा असायची, खोटं कशाला बोला.

या वर्षीच्या जयंतीला विद्यार्थ्यांचा गुणगौरव होता आणि पहिला सत्कार होता अबेना ओवुसुचा. मंडळाने मिसेस बेलींच्या मदतीने शनिवारचा अभ्यासवर्ग चालवला होता, त्यातली ही बारावीची मुलगी, घानाहून आलेल्या घरातली. मिसेस बेली म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, लहानपणी जमैकाहून आलेल्या. कृष्णवर्णीय शिक्षकांची त्यांची एक संघटना होती आणि तिचं मुख्य काम एकच, आपल्या मुलांना अवघड गणितातून सोप्या गणितात ढकललं जाऊ द्यायचं नाही. "ढकलतात म्हणजे अगदी प्रेमाने ढकलतात," त्या सांगायच्या. "तुला झेपणार नाही गं बाळ, असं म्हणून." हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बबनला वाटलं होतं, ही बाई आपल्याच तालुक्यातली असली पाहिजे. मंडळाने जागा दिली, बबनने फिजिक्स शिकवायचं कबूल केलं, आणि त्यांची मुलं नि आपली मुलं एका फळ्यासमोर बसू लागली.

अबेना तिथे शिकायला कमी आणि शिकवायलाच जास्त यायची. बबनची मुलगी धम्मप्रिया दहावीत, गणितात गटांगळ्या खाणारी. तिला काठाला लावलं ते अबेनाने. आता अबेनाला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता, तोही स्कॉलरशिपसकट.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल गच्च भरला. पुढच्या रांगांत मुलांकडे राहायला आलेले आईवडील बसले होते, स्वेटरवर स्वेटर घालून. एप्रिल उजाडला तरी बाहेर बर्फाचे ढीग होते. या मंडळींना इंग्रजी कळत नाही म्हणून बबनने ओळख मराठीत करून द्यायची ठरवली. पाहुण्यांना नंतर दोन शब्द इंग्रजीत सांगू, असा विचार होता. मराठीत त्याने नाव सांगितलं, प्रवेशाचं सांगितलं, मार्क सांगितले. एवढ्यावर ओळख संपायला हवी होती. पण एवढ्यावर हॉल काही हलला नव्हता.

आपल्याकडे गुणगौरवाच्या भाषणाला एक साचा असतो. विद्यार्थी होतकरू, घरची गरिबी, परिस्थिती प्रतिकूल, आणि पाठीशी एक कष्टाळू माउली. बबनला तो तोंडपाठ होता. अबेनाच्या घरचं त्याला काय माहीत होतं? ती एका जुन्या उंच बिल्डिंगमध्ये राहते. आई तिला गंज चढलेल्या गाडीतून सोडते. वडील कधी दिसले नाहीत. एवढे तीन ठिपके, आणि गड्याने त्यावर रांगोळी काढून टाकली.

"या लेकीच्या घरी अठराविश्वे दारिद्र्य," तो म्हणाला. "डोक्यावर बापाचं छत्र नाही. ती माउली मिळेल ते काम करते, पण पोरीचं शिक्षण थांबू देत नाही. बंधूंनो, ही गोष्ट घानाची नाही, ही गोष्ट आपल्या वस्तीची आहे."

हॉल हलला. टाळ्या थांबेनात. पुढच्या रांगेतल्या एका आजींनी पदर डोळ्याला लावला. अबेना हसत हसत स्टेजवर आली, शाल घेतली आणि धम्मप्रियाने शिकवल्याप्रमाणे "जय भीम" म्हणाली. मागे बसलेल्या पाहुण्यांना अक्षर कळलं नव्हतं, पण तेही मनापासून टाळ्या वाजवत होते. त्या गडबडीत शशिकांतने पुढचं नाव पुकारलं आणि इंग्रजीतले दोन शब्द राहूनच गेले.

जेवणाच्या वेळी निळ्या सुटातला एक उंच गृहस्थ पुरी-भाजीची प्लेट घेऊन बबनकडे आला. "मी अबेनाचा बाबा," तो इंग्रजीत म्हणाला, आणि बबनने उचललेला घास परत प्लेटमध्ये ठेवला.

ओवुसु चांगला दिलखुलास माणूस निघाला. ब्रॅम्प्टनच्या एका हायस्कूलमध्ये केमिस्ट्री शिकवत होता. शनिवारी मोठ्या माणसांच्या शाळेत वर्ग घ्यायचा, म्हणून अभ्यासवर्गाला येणं जमायचं नाही. बायको हॉस्पिटलमध्ये फार्मसिस्ट. गाडी बदल म्हणून ती किती दिवस मागे लागली आहे, पण आपल्याला जुन्या गाडीचा मोह सुटत नाही, हेही त्याने हसत सांगून टाकलं.

"तुम्ही माझ्या मुलीबद्दल किती वेळ बोलत होतात," तो म्हणाला. "त्या आजी तर रडत होत्या. काय सांगितलंत एवढं?"

"शी इज व्हेरी हार्डवर्किंग," बबन म्हणाला.

"एवढंच सांगायला इतका वेळ?"

"मराठी लांब भाषा आहे," बबन म्हणाला, आणि ओवुसु खो खो हसला.

त्याने मोबाइलवर सगळ्याचा व्हिडिओ काढला होता. त्याची आई तिकडे घानात, कुमासीला होती, वय झालेलं, नातीचा सत्कार कधी बघते असं तिला झालं होतं. पण नुसतं बघून तिचं भागणार नव्हतं. परके लोक आपल्या नातीबद्दल काय बोलले, ते तिला शब्द न् शब्द हवं होतं. "रविवारी जेवायला या," ओवुसु म्हणाला. "व्हिडिओ लावू, तुम्ही इंग्रजीत सांगा, अबेना टाइप करेल. मुलीलाही घेऊन या." बबनच्या तोंडून "हो" निघून गेलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय.

परतताना धम्मप्रिया मागच्या सीटवर बसली होती. मिल्टनची एक्झिट आली तेव्हा बोलली.

"बाबा, शी हॅज अ डॅड. ही वॉज राइट देअर."

"मला काय माहीत बेटा?"

"यू नेव्हर आस्क्ड," ती म्हणाली. "अबेना विचारत होती, तुझे बाबा काय म्हणाले. मी म्हटलं, मला एवढं मराठी समजत नाही. आय लाइड फॉर यू."

बबनची बायको ललिता गाडी चालवत होती. तिने नवऱ्याकडे एकदा बघितलं. "अहो, कशाला जिवाला लावून घेता? त्यांना कळलंय कुठे? रविवारी जाऊन चांगलं काहीतरी सांगा आणि या. सुंठीवाचून खोकला गेला समजा."

खोकला जायचा होता, पण तो जाईना. सोमवारी मंडळातल्या यामिनीताईंचा फोन आला. "त्या गरीब मुलीसाठी दोन विंटर जॅकेट काढून ठेवलीत सर, फारशी वापरलेली नाहीत. आणि आईला क्लीनिंगचं काम हवं असेल तर आमच्या ओळखीत आहे." फार्मसिस्ट बाईला क्लीनिंगचं काम. बबनने "बघतो, बघतो" म्हणून फोन ठेवला. खरं काय ते तेव्हाच सांगता आलं असतं. पण एकदा हलवलेला हॉल परत जागेवर ठेवायचा कसा, ते त्याला सुचेना.

त्याला खरी टोचणी वेगळीच होती. दहावीला तो तालुक्यात पहिला आला तेव्हा त्याचाही असाच गुणगौरव झाला होता. प्रमुख पाहुण्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, या मुलाने कंदिलाच्या उजेडात अभ्यास केला. त्याचा बाप वीज मंडळात लाइनमनचा हेल्पर होता. वस्तीत पहिला दिवा त्यांच्या घरी लागला होता, आणि तो बापाने स्वतः खांबावर चढून आणला होता. धुतलेला शर्ट घालून बाप हॉलच्या मागे उभा होता. कंदिलाचं ऐकल्यावर तो पाणी प्यायला म्हणून बाहेर गेला आणि कार्यक्रम संपेपर्यंत आत आला नाही. त्या दिवशी बबनला पाहुण्यांचा इतका राग आला होता की शाल अंगावर ठेववत नव्हती. आता तोच माणूस पन्नाशी उलटून, माइक हातात धरून, तेच करून बसला होता. पाहुणे निदान बाहेरचे होते. याला तर सगळं ठाऊक होतं. याची लाज त्याला जेवताना वाटायची, गाडी चालवताना वाटायची, मीटिंगमध्ये बसल्या बसल्या वाटायची.

आणि तरीही रविवारी निघताना त्याने एक गोड भाषांतर मनात तयार करून ठेवलं होतं. माणूस लाजेला भितो, पण लाज चव्हाट्यावर यायला त्याहून जास्त भितो.

ओवुसुंचं घर पुस्तकांनी भरलेलं होतं. डायनिंग टेबलाच्या एका कडेला तपासायचे पेपर होते, ते त्याने उचलून बाजूला ठेवले. बायकोने भात आणि टोमॅटोच्या रश्शातलं चिकन केलं होतं, बबनने तिखट मागायच्या आधीच तिने मिरचीची वाटी पुढे केली. जेवताना ओवुसु सांगत होता, अबेना दहावीत असताना शाळेच्या समुपदेशकाने तिला पुढच्या वर्षी सोपं गणित घ्यायला सुचवलं होतं. मार्क नव्वदच्या वर असताना. "मी लागोपाठ तीन वेळा शाळेत गेलो," तो म्हणाला. "तिसऱ्यांदा मिसेस बेलींना बरोबर नेलं. मी स्वतः शिक्षक, माझ्यासारख्याच शिक्षकांसमोर बसलो होतो, पण ते मला समजावून सांगत होते की मुलांवर दडपण टाकू नये." मग त्याने विचारलं, "हे तुम्ही भाषणात सांगितलंत का? मिसेस बेली तुम्हाला बोलल्या असतील."

"हो," बबन म्हणाला. "सांगितलं ना."

धम्मप्रियाने चमचा खाली ठेवला.

जेवणं झाली. अबेना लॅपटॉप उघडून बसली, ओवुसुने व्हिडिओ टीव्हीवर लावला. बबन मोठा दिसत होता, हात पसरून बोलत होता. ओवुसु एकेक वाक्य थांबवायचा आणि बबनकडे बघायचा.

"ही इथल्या सगळ्या मुलांची मोठी बहीण आहे," बबनने इंग्रजीत सांगितलं. तसं तो बोललाच नव्हता. अबेनाने टाइप केलं.

"शाळेने हिला सोप्या वाटेने पाठवायचं ठरवलं, ही अवघड वाटेने गेली." अबेनाने बापाकडे बघून हसत टाइप केलं. खोटं किती सोपं जात होतं. एकदा तर बबनला वाटलं, याहून चांगलं भाषण आपण केलंच नव्हतं, हेच करायला हवं होतं.

मग पुढचं वाक्य आलं. डोक्यावर बापाचं छत्र नाही, टीव्हीतला बबन आवाज खाली आणत म्हणाला. टाळ्या सुरू झाल्या. आणि त्या टाळ्यांवर, मोबाइलच्या अगदी जवळून, दुसरा एक आवाज आला. हळू, भरून आलेला. "दॅट्स माय गर्ल. दॅट्स माय गर्ल."

ओवुसु ओशाळून हसला. "हा मी. मला राहवलं नाही. सगळे इतके टाळ्या वाजवत होते." त्याने व्हिडिओ थांबवला. "इथे काय म्हणालात?"

अबेनाची बोटं की-बोर्डवर तयार होती. धम्मप्रिया बापाकडे बघत नव्हती, ती टेबलक्लॉथकडे बघत होती. बबनकडे या वाक्याचंही गोड भाषांतर तयार होतं. त्याने तोंड उघडलं, पण त्या आवाजानंतर ते त्याच्या तोंडून निघेना.

"मी म्हणालो," तो म्हणाला, "की हिला वडील नाहीत."

मग तो बोलतच राहिला. घरात गरिबी आहे म्हणालो. आई मिळेल ते काम करते म्हणालो. मला काहीच माहीत नव्हतं आणि मी विचारलं नाही. मगाशी सांगितलं ते सगळं खोटं होतं, ते मी आज घरून जुळवून आणलं होतं. हे सांगताना त्याची नजर ओवुसुच्या बायकोकडे गेली, आणि त्याला ती तिथून उचलून ठेवायला दुसरी जागा सापडेना.

ओवुसुने थांबलेला व्हिडिओ बंद केला.

"स्टाफरूममध्ये मला अजून विचारतात, सफाईला आलास का," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "त्यांचं मी मनावर घेत नाही. तुमच्या हॉलमध्ये मात्र मला वाटलं होतं, इथे मला ओळखतात." मग त्याने विचारलं, "तुमच्या भाषणात मी मेलो होतो, की सोडून गेलो होतो?"

"ते मी बोललो नाही," बबन म्हणाला. "ऐकणाऱ्यांवर सोडलं."

ओवुसुने मान हलवली. "म्हणजे सोडून गेलो होतो."

बबनला सॉरी म्हणायचं होतं. तो शब्द त्याने दिवसातून दहा लोकांना म्हटला असेल, दारात, लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये. इथे तो काढायची त्याला हिंमत झाली नाही.

"डॅड," अबेना हळूच म्हणाली. "मी काय लिहू?"

"आधीचं पुसून टाक," ओवुसु म्हणाला. "आजीला हवंय ते, हॉलमध्ये जे बोलले ते. तेच लिही." त्याने व्हिडिओ पहिल्यापासून लावला आणि बबनच्या बाजूची खुर्ची ओढून त्यावर बसला.

बबनने पहिल्या वाक्यापासून पुन्हा सुरुवात केली. या वेळी तो जसंच्या तसं सांगत गेला, आणि अबेना एकेक शब्द टाइप करत गेली.