पहिला नकार अंतिम

दिनकरराव जगतापांच्या हातात वाढायचं भांडं आलं की बडोद्यातली भली भली माणसं ताटावर आडवी पडत. नोकरी त्यांनी वीज कंपनीत केली, पण ती पोटापुरती. खरं काम लग्नाच्या पंगतीत. जिलेबीची शेवटची फेरी फिरवायला पाणीगेटपासून हरणीपर्यंत त्यांना मुद्दाम बोलावणं यायचं. एका व्याह्यांना त्यांनी सात जिलेब्यांनंतर आठवी अशा काही शब्दांत वाढली की व्याह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते प्रेमाचं होतं की पोटदुखीचं, हे त्या घरात अजून ठरलेलं नाही. जगतापांचे पूर्वज संस्थानच्या पागेत शिलेदार होते. त्यांनी कोणत्या लढाया मारल्या हे घरात कुणाला सांगता येत नाही. कुणाला किती वाढलं हे सगळ्यांना येतं.

मग बुफे आला. बुफेत माणूस स्वतःच स्वतःला वाढून घेतो आणि उभ्यानं पळत पळत खातो. दिनकररावांनी एका रिसेप्शनला बासुंदीचं भांडं उचलून पाहुण्यांचा पाठलाग करून पाहिला. केटररचा माणूस म्हणाला, "काका, लाइनमां आवो."

निवृत्तीनंतर त्यांनी समा भागातल्या आपल्या बंगल्याचा वरचा मजला पर्यटकांना द्यायला सुरुवात केली. लोकांना वाटलं, वेळ जावा म्हणून. त्यांच्या पत्नी भक्तीबाईंना खरं कारण ठाऊक होतं. आग्रह करायला घरात कुणी उरलंच नव्हतं. मुलगा राजवर्धन हरणीला वेगळा राहायचा, सून डाएटवर होती आणि भक्तीबाई स्वतः मधुमेहाच्या गोळ्यांवर. पर्यटक मात्र परगावाहून येत, दिवसभर राजवाडा आणि संग्रहालय बघून दमत आणि संध्याकाळी ताटावर बसत, पुढे काय होणार याची कल्पना नसताना.

हे सगळं बरं चाललं होतं. मग एका रविवारी राजवर्धन लॅपटॉप घेऊन आला. ज्या वेबसाइटवरून पाहुणे येत, तिनं ठरवलं होतं की आता फक्त 'हरित पाहुणचार मानांकन' असलेली घरंच यादीत राहतील. मानांकनाची खूण म्हणजे हिरवं कासव. बडोद्याला खरं तर मगर शोभली असती, नदीत ढिगानं आहेत. पण मगर बघून बुकिंग कोण करणार?

बरेचसे नियम जगतापांच्या घरात जन्मापासून पाळले जात होते. आंघोळीला शॉवर नाही, बादली. ओला कचरा पेरूच्या झाडाखाली. दिनकरराव वीज कंपनीचेच असल्यामुळे रिकाम्या खोलीत दिवा जळताना दिसला तर त्यांचा रक्तदाब वाढायचा. राजवर्धन बरोबरच्या खुणा करत करत अन्नाच्या कलमापाशी आला.

"ताटात उरलेलं अन्न माणशी वीस ग्रॅमच्या आत. आणि पाहुण्याचा पहिला नकार अंतिम मानावा."

"परत वाच," दिनकरराव म्हणाले.

त्यानं परत वाचलं.

"आणि दुसरा नकार?"

"दुसऱ्याची वेळच येत नाही, बाबा."

"मग माणूस जेवणार कसा?"

दिनकररावांच्या हिशेबानं पहिला नकार ही रीत होती, दुसरा म्हणजे माहेरचं वळण आणि तिसरा घ्यायचा तो निव्वळ श्वास घेण्यासाठी. त्यानंतर जेवण सुरू व्हायचं. पण कासव नाही तर पाहुणे नाहीत, आणि पाहुणे नाहीत तर भांडं धरून करायचं काय?

तालीम सुरू झाली. भक्तीबाई पाहुणी व्हायच्या, राजवर्धन पंच. दिनकरराव भाताचं भांडं घेऊन यायचे.

"भात?"

"नको."

दिनकररावांचा हात पुढे झाला, थांबला. ते गर्रकन वळले आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभे राहिले.

"बघितलंस?" भक्तीबाई मुलाला म्हणाल्या. "पस्तीस वर्षं झाली लग्नाला. माझं 'नको' आज पहिल्यांदा ऐकू आलं यांना."

"पण आई, तू रडतेस कशाला?"

"मला भात हवा होता रे."

तपासणीला आलेली मोहना तिशीची, किडकिडीत, दांडिया बाजारातल्या जुन्या मराठी घरातली निघाली. पणजोबा संस्थानच्या शिक्षण खात्यात होते. दोन दिवस पाहुणी म्हणून राहायचं आणि सगळं तपासायचं, अशी पद्धत होती. तिनं बादलीचं पाणी मापलं, दिवे मोजले, पेरूच्या झाडाखाली वाकून वास घेतला. सगळीकडे पैकीच्या पैकी. जेवायला बसली तेव्हा शेजारी छोटा वजनकाटा ठेवला.

भक्तीबाईंनी पुरणपोळ्या केल्या होत्या. पहिली पोळी ताटातच होती. ती संपली. दिनकरराव दुसरी घेऊन पुढे झाले.

"पोळी?"

"नको, पुरे."

दिनकरराव मागे फिरले. मोहनानं मान वर केली. ती काही तरी होण्याची वाट बघत असल्यासारखी क्षणभर बसली, मग हात धुवायला उठली. ताट लख्ख होतं. काट्यावर शून्य आलं. संध्याकाळी मसालेभाताचं तेच झालं. सकाळी सेव-उसळीचं तेच. प्रत्येक वेळी शून्य, आणि प्रत्येक शून्यानंतर तिचा चेहरा थोडा लांबट व्हायचा. दिनकररावांना वाटलं, स्वभाव असेल. सरकारी नसला तरी तपासणीचा माणूस हसत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाआधी कचरा तपासायचा होता. खालचे डबे निर्दोष निघाले. वरच्या खोलीतला डबा भक्तीबाईंनी उपडा केला, आणि त्यातून लिलो चेवडोची प्लास्टिकची रिकामी पाकिटं पडली. एक नाही, चार.

"हे आमच्याकडचं नाही हं," भक्तीबाई ठणकावून म्हणाल्या. "आमच्याकडे चिवडा डब्यातून येतो."

मोहना फरशीकडे बघत होती. "पाहुण्यानं आणलेलं प्लास्टिक यजमानाच्या खात्यात धरतात," ती हळूच म्हणाली.

"अगं, पण पाहुणी तर तूच एकटी."

मोहनानं पाकिटं गोळा केली. मग म्हणाली, "मला भूक लागली होती."

दिनकररावांनी जिन्याचा कठडा धरला. जगतापांच्या घरात पाहुणा उपाशी! पागेतल्या पूर्वजांनी शत्रूचे घोडेसुद्धा दाणा खाऊ घालून परत पाठवले असतील.

"मग पोळी नको का म्हणालीस, बेटा?"

"मी पहिल्यांदा कशी हो म्हणणार, काका? आमच्याकडे पहिल्यांदा हो म्हणणारी मुलगी घरी जाऊन बोलणी खाते. आणि तुम्ही लगेच गेलात की!"

"नियम आहे तुमचा! पहिला नकार अंतिम!"

"मीच लिहिलाय तो," मोहना म्हणाली. "पण लिहिताना मी ऑफिसात होते. जेवताना मी दांडिया बाजारातली असते."

दिनकरराव खाली उतरले. पुरण उरलेलं होतं. भक्तीबाईंनी तवा ठेवला. मोहना येऊन बसली, आणि तिनं काटा ताटाशेजारी ठेवला, कारण नोकरी ती नोकरी.

"पोळी?"

"नको, काका."

तवा चुरचुरत होता. दिनकरराव पोळीचं ताट धरून उभे होते. कासव गेलं तर पाहुणे गेले, हे त्यांना पक्कं समजत होतं. समोर ती पोरगी ताटाकडे बघत बसली होती.

"एवढीशी," दिनकरराव म्हणाले.

"नको, खरंच."

"ही मोडलीये. मोडकी मोजत नाहीत."

"अहो काका..."

पोळी पडली. तुपाची धार पडली. त्यानंतरचं वर्णन करणं अवघड आहे. तालमीपासून उपासमार झालेला कलावंत एकदम सुटला होता. एक पोळी तिच्या पणजोबांच्या नावाची गेली, एक शिक्षण खात्याची, एक निवत चाललेल्या तव्याचा मान म्हणून. "ही खाल्ली नाहीस तर भक्तीला खावी लागेल, आणि तिला साखर आहे. बघ बाई, तुझ्या हातात आहे." भक्तीबाईंनी लगेच साखर असल्याचा चेहरा केला. मोहना नको म्हणत होती, हसत होती, खात होती.

शेवटी पोळीचा एक तुकडा राहिलाच. काट्यावर पस्तीस ग्रॅम भरले. ताट हातात तसंच धरून मोहना म्हणाली, "काका, आता खरंच नाही."

हा नकार वेगळा आहे, हे दिनकररावांना लगेच कळलं. त्यांनी तो तुकडा स्वतः उचलला आणि खाल्ला. पाहुण्याच्या ताटातलं यजमानानं खाल्लं तर काय, याबद्दल नियमात काहीच नव्हतं. मोहनानं दोनदा शोधलं. काटा शून्यावर आला.

चेवड्याची पाकिटं मोहना आपल्याच पिशवीतून परत नेणार होती, म्हणजे ती यजमानाच्या खात्यातून गेली; राहिला तो मोडलेला नकार. "मी खोटं लिहिणार नाही," मोहना म्हणाली. "नकार मोडला असं लिहावं लागेल. पण उपाय आहे. पुढे असं करणार नाही, अशी हमी द्या. इथे सही केली की कासव हिरवं."

दिनकररावांनी कागद वाचला. "नको," ते म्हणाले.

"काका, सही करा ना."

"नको म्हटलं ना."

"अहो, सही कसली, नुसतं पेन टेकवायचं. एवढंसं."

दिनकररावांनी चमकून वर बघितलं. आयुष्यभर त्यांनी हजारोंना आग्रह केला होता. त्यांना कुणी केलेला त्यांना आठवत नव्हता. वाढणाऱ्याला कोण वाढतं? तो सगळ्यांत शेवटी, उभ्याउभ्या, उरलंसुरलं खातो.

"नको," ते पुन्हा म्हणाले, पण जरा रेंगाळत.

"माझ्या नावाची एक सही!"

"छे छे."

त्या दिवशी सही झाली नाही. नियमाप्रमाणे कासव हिरवं झालं नाही आणि रद्दही झालं नाही; ते राखाडी झालं. राखाडी म्हणजे प्रक्रिया सुरू आहे. राखाडी कासवाचं घर यादीत राहतं, पाहुणे येतात, जेवतात, कण्हतात, चांगले शेरे लिहितात. फक्त हमीपत्राच्या पाठपुराव्यासाठी तपासनिसानं दर तीन महिन्यांनी जातीनं यायचं असतं. मोहना येते. त्या दिवशी सकाळपासून ती काही खात नाही.

परवाही आली होती. चार पोळ्या झाल्यावर तिनं पिशवीतून कागद काढला.

"काका, आज तरी."

"नको."

"निदान नावाचं पहिलं अक्षर. बाकीचं पुढच्या वेळी."

"नको गं."

"मग मी उठणारच नाही इथून."

"अहो, करून टाका आता," भक्तीबाई आतून म्हणाल्या. "पोरगी किती वेळ म्हणतेय!"

"अजून नीट म्हणालीच कुठे ती?" दिनकरराव म्हणाले.